फोनात भरून द्या

लंकाबाई : मशीन पिशवीतच राहू द्या, अंजलीताई. आज पाड्यावरची एक बी बाई गाणार नाय.

अंजली : अहो लंकामावशी, सुरगाण्याला यायला नाशिकहून पहाटे निघालेय मी. भातलावणीची सात गाणी रेकॉर्ड करायची राहिलीत. झालं काय?

लंकाबाई : आधीची बारा माझ्या फोनात भरून द्या. मग बोलू.

अंजली : ॲपवर आहेत ना ती! हवी तेव्हा लावा. डाउनलोड संस्थेनंच बंद ठेवलंय. ॲपवर किती वेळा वाजली, त्यावर आमचं काम मोजतात.

लंकाबाई : आमच्या गळ्यातली गाणी, अन् आमालाच घरात ठेवू देत नाय? फुलाबाई, सांग ताईला.

फुलाबाई : जाऊ दे गं. पोर वाचलं ना.

अंजली : कुणाचं पोर?

लंकाबाई : हिच्या सुनेचं. मागल्या आठवड्यात वाऱ्यानं तारा तुटल्या. दोन दिवस लाइट नाय. पाड्यावर माझा एकच फोन चालू. अन् तुमी फोन केला, महिनाअखेर आहे मावशी, गाणी तेवढी लावा. दुपारभर लावली. सांजच्याला हिच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तर फोन बंद. ॲम्ब्युलन्स बोलवायची कशी?

फुलाबाई : झोळी करून नेली डांबरीपर्यंत. वाटेतच बाळंत झाली. लय रगत गेलं. अजून दवाखान्यात हाय.

अंजली : मला कुणी सांगितलंच नाही... पण मावशी, नुसत्या गाण्यांनी एवढी बॅटरी जाते? स्क्रीन चालू राहिली असेल.

लंकाबाई : मला बी तसंच वाटलं. म्हणून मोजलं. जात्यावरचं एक गाणं मी फोनात भरलेलं होतं. स्क्रीन बंद करून तासभर तेच लावलं. चार टक्के गेले. दुसऱ्या दिवशी तुमच्या ॲपवरचं लावलं, तेवढाच वेळ. एकोणतीस! टॉवर त्या डोंगरापल्याड. दर बारीला तिथनं गाणं वढत बसतो फोन.

अंजली : खरंय. रेंज कमी असली की फोनला जोर लागतो. तिकडे टॉवरलाही वीज लागतेच.

लंकाबाई : कळतंय ना? मग द्या.

अंजली : साहेबांना विचारते...

लंकाबाई : विचारू नका. ते नाय म्हणतील, अन् तुमी मान हलवाल. आमी गायलो तवा कुणाला विचारलं का, गाऊ का म्हणून? गाणी तुमच्या लॅपटॉपात हायत, मी बघितलीत. द्यायची नसतील तर मशीन न्या माघारी. अन् ती बारा बी ॲपवरनं काढून टाका.

फुलाबाई : लंके, तिची नोकरी जाईल.

लंकाबाई : तिची नोकरी जावी असं कुठं म्हणते मी? पण तुझी सून जात होती, फुला.

अंजली : मावशी... फोनची केबल द्या.

फुलाबाई : अन् हापिसात काय सांगशील, पोरी?

लंकाबाई : सांगा, बायांनी अडवून धरलं. माझं नाव घ्या खुशाल.

अंजली : नाही मावशी. मी माझ्या हातानं दिली, असंच सांगेन.