याकोबाचे पाय धुवायचे राहिले

आमचं गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडं. वस्तीत थोडीच घरं ख्रिस्ती, आमाला मेनोनाइट मंडळी म्हणायचे. आज्यानं मिशनच्या साहेबाकडनं बाप्तिस्मा घेतला, तवापासनं शिकवण एकच, हातात हत्यार धरायचं न्हाई. तालुक्यातली पोरं पलटणीत जायची, आमची तेवढी जायची न्हाईत, म्हणून गावातले लोक हसायचे, बांगड्या भरा रं म्हणायचे.

महायुद्ध चालू होतं, बाजरी करपून गेलेली. मी आन् याकोब, माझा जिवाभावाचा मैतर, घरी न सांगता साताऱ्याला भरतीला गेलो. काय सांगू तुमाला, त्याला घेतलं, माझ्या छातीचं माप भरलं न्हाई, मला काढून दिलं. तो म्हणाला, शांतवन, गड्या, माझ्या आईकडं बघ. मी घरी आलो, आमच्या मंडळीच्या पाळकांनी विचारलं, तू कसा रं माघारी आलास, तर माझ्या तोंडातनं गेलं, मला देवानं वळवलं. झालं. रविवारी देवळात, म्हंजे आमच्या चर्चमधी, त्यांनी मला उभं केलं, म्हणाले, विश्वासात टिकलेला पोरगा बघा. याकोबाची आई समोरच बसली होती, तिनं मान खाली घातली.

लढाई संपली, याकोब लंगडत आला. मंडळीपुढं चुकलो म्हणाला, पाळकांनी क्षमा केली. आमच्यात प्रभुभोजनाआधी, म्हंजे येशूच्या आठवणीची भाकर घ्यायच्या आधी, जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुवायची रीत हाय, त्याबिगर भोजन न्हाई. जोडी लागली माझी आन् त्याची. परातीत पाणी ओतलं, त्यानं बूट काढून पाय पुढं केला आन् हळूच म्हणाला, मापाचं अजून सांगितलं न्हाईस व्हय रं?

खरं फक्त त्यालाच ठाऊक होतं. मी भ्यालो. उठलो आन् मोठ्यानं बोललो, पलटणीत कवायत केलेले पाय मी धुणार न्हाई. दोन म्हातारे लगेच माझ्या बाजूनं उठले. एका शब्दात त्यानं मला उघडं पाडलं असतं. पण त्यानं पाय तसाच बुटात घातला, आईला म्हणाला, चल गं, आन् निघाला. त्याची भावकीबी त्याच्यामागं मिरजेकडं गेली. देऊळ निम्मं रिकामं झालं, पुन्यांदा भरलंच न्हाई.

आताची पोरं म्हणतात, दुष्काळानं मंडळी मोडली. न्हाई, मी मोडली. याकोब मागंच वारला, त्याच्या लेकरांना देव सुखात ठेवो. मी सगळ्यांत थोरला, म्हणून आजबी पहिल्यांदा माझेच पाय धुतात. तुमी माझ्या तोंडचं हे लिवून घेतलंय, ते प्रभुभोजनाच्या रविवारी उपासनेत वाचा, मी तिथं असताना. मग माझे पाय धुवायला परात घेऊन कोणी पुढं आलं न्हाई, तर मी मागं जाऊन बसंन.