नमुना क्रमांक दोनची दुसरी चावी

जबाब देणार : वरिष्ठ लिपिक, खरेदी शाखा, महानगरपालिका. पूर्ण नाव ठाण्याच्या नोंदीत दिले आहे. कार्यालयात मला सगळे पेटीबाई म्हणतात आणि मी त्याला हरकत घेणे कधीच सोडून दिले आहे. वय सत्तावन्न. धंदा नोकरी. राहणार पाण्याच्या टाकीमागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, ज्या जिन्याचा दिवा लागत नाही तो.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, निविदा पेटी माझ्या ताब्यात असते. शहराला काहीही विकत घ्यायचे असले, झाडू असो की पाण्याचा पंप, तरी पुरवठादार आपापले दर लाखेने बंद केलेल्या पाकिटात घालून या पेटीच्या फटीतून आत टाकतात. ठरल्या दिवशी समिती सर्वांसमक्ष पेटी उघडते. तोपर्यंत आत कोणी काय टाकले ते कोणालाच दिसत नाही. मलाही नाही. लोकांना वाटते, मला दिसत असणार. माझ्या घरी गोड बोलायला बरेच जण येऊन गेले आणि सगळे नुसता चहा पिऊन गेले.

यंदा शाळा, दवाखाने आणि पंपघरे यांच्यासाठी कुलुपे घ्यायची होती. एका शाळेचे फाटक सध्या तारेने बांधतात आणि ती तार मुख्याध्यापिका स्वतः सोडतात, हे त्यांनी मला तीन वेळा लेखी कळवले आहे. जाहिरात निघाली आणि त्याच आठवड्यात आमच्या निविदा पेटीचे कुलूप मोडले. मोडले म्हणजे मी हात लावला आणि ते माझ्या हातात आले. त्याचे वय झाले होते.

नवीन कुलूप मागायला मी आमच्या खरेदी अधिकाऱ्यांकडे गेले. साहेब म्हणाले, "कुलपांची निविदा चालू आहे ना? मग बाहेरून कसं घेणार? आक्षेप येईल." मी म्हटले, "साहेब, निविदा घ्यायला पेटी लागते. पेटीला कुलूप लागतं. आणि कुलूप निविदा झाल्याशिवाय मिळणार नाही." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघा तुम्ही." साहेब प्रत्येक गोष्टीला बघा तुम्ही म्हणतात. त्यामुळे गेली कित्येक वर्षे मी बघते आहे.

माझ्या मागच्या फळीवर पुरवठादारांनी दिलेले नमुने ठेवले होते. आमच्याकडे नमुना कोणाचा ते लिहीत नाहीत. कोणी ओळखीवर शिफारस करू नये म्हणून नावे लेखापाल आपल्या कपाटात ठेवतात आणि नमुन्याला फक्त क्रमांक देतात. क्रमांक एक चकचकीत होता, पण ओढल्यावर आपोआप उघडला. क्रमांक तीन ही सायकलची साखळी होती. क्रमांक दोन जड, काळसर आणि गप्प बसणारे कुलूप होते. मी ते पेटीला लावले, चावी माझ्या पदराच्या गाठीत बांधली आणि कामाला लागले. नमुन्याबरोबर एकच चावी आली होती. कुलपाला दोन चाव्या असतात आणि दुसरी कोणाकडे तरी असणारच, हे माझ्या डोक्यात आले नाही. इतकी वर्षे पेटी सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात ते यायला हवे होते, असे हवालदारांनी आत्ता मला ऐकवले. ते बरोबर आहे. तसे लिहावे.

निविदा उघडण्याच्या दिवशी सभागृहात साहेब, लेखापाल आणि अभियंता असे समितीचे तिघे, आणि तिन्ही पुरवठादार हजर होते. आमच्याकडे आधी नमुना तपासतात. तो पास झाला तरच त्या पुरवठादाराचे दराचे पाकीट उघडतात. अभियंत्यांनी नमुना एकवर टेबलावरचा पेपरवेट हळूच टेकवला, तेवढ्याने तो उघडला. एक नंबरवाल्यांचा चेहरा उतरला. मग अभियंत्यांनी पेटीवरच्या दोन नंबरला पेपरवेट मारला, स्टीलचा स्केल घालून पाहिला, शेवटी शिपायाला लोंबकळायला सांगितले. कुलूप उघडले नाही. शिपाई मात्र पेटीसकट खाली आला. नंतर मी माझी चावी फिरवली आणि ते लोण्यासारखे उघडले. आतली पाकिटे टेबलावर काढली आणि एक नंबरवाल्यांनी सर्वांच्या वतीने त्यांची लाख तपासून सही केली. अभियंता म्हणाले, "याला म्हणतात माल."

लेखापालांनी कपाटातून यादी आणून नावे वाचली. नमुना दोन कोणत्या तरी एंटरप्रायझेसचा होता. मालकांनी उभे राहावे असे सांगितल्यावर खांबाआडून जे गृहस्थ उठले ते माझे मेहुणे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान होते. मी त्यांना सकाळी आवारात पाहिले होते, पण पाणीपट्टी भरायला आले असतील असे समजून तोंड फिरवले होते.

विचारल्यावरून सांगते की, बहिणीशी माझे सहा वर्षे बोलणे नाही. कारण असे की, भाऊजींचा कुलपांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन कामगार आणि ते स्वतः. एकदा माझ्याकडे जेवायला बसले असताना त्यांनी निविदेचा अर्ज कसा भरायचा एवढेच विचारले. मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "माझ्या ऑफिसची पायरी चढायची नाही. नात्यातल्या माणसाचं पाकीट माझ्या पेटीत पडणार नाही." ते अर्ध्या ताटावरून उठले. ताई त्यांच्या मागोमाग गेली. नियम म्हणून मी बोलले ते बरोबरच होते. वाढणारीने बोलायचे ते नव्हते. त्यांनी या वेळी निविदा भरली हे मला माहीत नव्हते. आमच्यात भांडण आहे हा माझ्या निर्दोषपणाचा मुख्य पुरावा असल्याने हा परिच्छेद ठळक टाइप करावा, अशी मी विनंती केली. यंत्रात तशी सोय नाही असे कळले.

सभागृहात त्यांना उठलेले पाहून माझ्या तोंडून 'भाऊजी' निघून गेले आणि एक नंबरवाले उसळले. "म्हणजे पेटीला यांचंच कुलूप, दुसरी चावी यांच्याच खिशात, आणि पेटी सांभाळणारी यांची मेहुणी! रात्री येऊन सगळ्यांचे दर बघून गेले असतील." मी म्हटले, "दराच्या प्रत्येक पाकिटावर लाख आहे. ती फुटलेली नाही, आणि आत्ताच तुम्ही स्वतः तपासून सही केली आहे." ते म्हणाले, "लाखेचं काय, मेणबत्तीवर धरली की पुन्हा चिकटते." त्यांना हे कसे माहीत, ते कोणी विचारले नाही.

तेव्हा साहेब म्हणाले, "दुसरी चावी लावून बघा." मी कुलूप पुन्हा पेटीला लावून बंद केले आणि पेटी धरून उभी राहिले. चावी लागली तर पेटी उघडण्याची सोय भाऊजींकडे होती असे ठरणार आणि माझी निवृत्ती, पेन्शन, अब्रू, सगळे टांगणीला लागणार. चावी लागली नाही तर मी सुटणार, पण कुलूप खराब ठरून त्यांचा ठेका जाणार. भाऊजींना हे कळले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी चावी घातली, जरा खटपट केली आणि म्हणाले, "लागत नाही साहेब. माझ्याच कुलपात खोट आहे."

समितीने तशी नोंद केली. नमुना दोन बाद. राहिला नमुना तीन. हा पुरवठादार स्टेशनरीवाला आहे. किमान तीन निविदा आल्याशिवाय पेटी उघडत नाहीत म्हणून तो प्रत्येक निविदेत तिसरा असतो, मग खरेदी पायपांची असो की पलंगांची. त्याला आम्ही तिसरेशेठ म्हणतो. आपली साखळी पात्र ठरली हे ऐकून ते मटकन खाली बसले. "अहो, मी कधी जिंकत नाही," असे ते पाणी पिऊन झाल्यावरही म्हणत होते. सध्या ते याच ठाण्याच्या बाकावर माघारीचा अर्ज घेऊन बसले आहेत. हा अर्ज पोलीस घेत नाहीत हे त्यांना दोनदा सांगून झाले आहे.

एक नंबरवाल्यांनी तरीही तक्रार दिली, म्हणून मला बोलावण्यात आले. इथवर टाइप झाल्यावर हवालदार म्हणाले, "चला बाई, चावीच लागत नाही म्हटल्यावर तुमच्यावर काही येत नाही. करा सही." माझा जीव भांड्यात पडला. मी पेन हातात घेतले.

त्याच वेळी माझी बहीण डबा घेऊन आत आली. मला बघून म्हणाली, "प्रेशरची गोळी घेतलीस का?"

मी म्हटले, "नाही घेतली."

हवालदारांनी टाइप करणे थांबवले. "बाई, आत्ताच तुम्ही लिहून दिलंत, यांच्याशी बोलणं नाही म्हणून."

ताई म्हणाली, "बोलतच नाहीये मी हिच्याशी. गोळीचं विचारतेय. आणि हिला भूक सहन होत नाही, चिडचिड करते. मग तुम्हालाच त्रास होईल."

हवालदार म्हणाले, "तो सुरू झालाय."

ताईने माझ्यासमोर डबा उघडला आणि मी गोळी घेईपर्यंत हात कमरेवर ठेवून उभी राहिली. माझा मुख्य पुरावा असा माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी भाऊजींचे विचारले. ती म्हणाली, "खाली उभे आहेत. मी म्हटलं, वर चला. तर म्हणतात, तिने पायरी चढू नका म्हणून सांगितलंय. अहो, ते ऑफिसचं होतं, हे पोलीस ठाणं आहे, तरी नाही. दुपारपासून जेवले नाहीत. नुसते हात बघत बसतात. माझं कुलूप खराब निघालं, म्हणतात. तूच सांग, यांचं कुलूप आजवर कधी खराब निघालंय?"

मी पेन खाली ठेवले आणि हवालदारांना पुढील मजकूर घालायला सांगितला.

पुरवणी. भाऊजींनी चावी घातली तेव्हा पेटी मी धरली होती आणि त्यांचा हात माझ्यापासून वीतभर होता. चावी पूर्ण आत गेली होती. न लागणारी चावी फिरवताना मनगट अडते. त्यांचे मनगट हललेच नाही. त्यांनी नुसता खांदा हलवला. हे मी तेव्हाच पाहिले आणि मूग गिळून बसले, कारण मला माझी भीती वाटली. त्याची मला लाज वाटते. अर्ध्या ताटावरून ज्यांना उठवले, त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताच्या कामाला भर सभेत नाव ठेवले.

माझ्या सांगण्यावरून हवालदारांनी टेबलावर दोन्ही चाव्यांसह जप्त करून ठेवलेले कुलूप घेतले आणि दुसरी चावी लावून फिरवली. ते उघडले. त्यांनी पुन्हा लावले आणि पुन्हा उघडले. मग बाकावरून तिसरेशेठ उठून आले आणि त्यांनीही एकदा उघडून पाहिले व सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

हवालदार म्हणाले, "बाई, सुटत होतात की हो तुम्ही. आता अवघड झालं तुमचं."

मी म्हटले, "होऊ दे. लिहा."

तरी माझे सांगणे असे की, नमुना क्रमांक दोनमध्ये कोणताही दोष नाही. तो पेटीला लावण्याची चूक माझी एकटीची आहे. सदर पुरवठादार माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत, हे मी या जबाबाने जाहीर करते. नियमाप्रमाणे निविदेचे पुढचे काम दुसऱ्या लिपिकाकडे द्यावे आणि दराच्या पाकिटांवरची लाख जाणकाराकडून तपासून घ्यावी. ती एकाही पाकिटावर पुन्हा लावलेली आढळली तर होईल ती शिक्षा मला मान्य आहे. आढळली नाही, तर कुलपाचा न्याय कुलपावर करावा. शाळेचे फाटक अजून तारेने बांधलेले आहे.

हे सांगत असताना ताई जिन्यापाशी जाऊन खाली ओरडली, "अहो, या वर. तीच बोलावतेय." मी बोलावले नव्हते, पण बोलावणारच होते. भाऊजी वर आले. हवालदारांनी कागद बाजूला सारून टेबलावर जागा केली. मी डब्याच्या झाकणात वाढून त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटले, "आता पूर्ण जेवून उठायचं." त्यांनी आधी टेबलावरचे कुलूप उचलले, लावले, चावी फिरवून उघडले आणि मग जेवायला बसले.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो ताईनेही ऐकला व दोन ठिकाणी हसली. माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिला आहे, बरोबर आहे. फक्त बहिणीशी बोलणे नाही हे वाक्य मी सांगितले तेव्हा खरे होते. ते खोडू नये. त्याच्यापुढे 'आज संध्याकाळपर्यंत' एवढे शब्द घालावेत, मग मी सही करते.