टोफूवरची माशी

जोगजा शहराच्या बाजारात अन्न तपासणीची गाडी आली होती. रांगेत माझ्यापुढे टोफूवाली मावशी आणि एक भाजीवाली बोलत उभ्या होत्या.

"मावशी, आज टोफूवर जाळी?"

"साहेबांचा हुकूम! माशी दिसली तर गाळा बंद."

"मग खप कसा?"

"कसला खप? बायका म्हणतात, माशी बसत नाही म्हणजे नक्की फॉर्मालिन घातलंय."

"मढं टिकवायचं औषध? अगंबाई! पण साहेबांनी तुझा माल तपासून पास केलाय ना? सांग की तसं."

"सांगितलं. म्हणतात, साहेबापेक्षा माशीला जास्त कळतं."

"साहेबांना सांगून बघ."

"त्यांना काय सांगू? रोज संध्याकाळी माझ्याकडूनच नेतात."

"जाळीतला?"

"छे! आधी जाळी काढायला लावतात. आणि माशी बसेपर्यंत हलत नाहीत."