बेचाळीस खिडक्या आणि तीन शिट्ट्या

नाही बसला ना विश्वास! एकाचाही नाही बसला, तुम्हाला सांगते. आठ महिने… आठ महिने मी त्या कॉम्प्युटरच्या खेळात वीट वीट रचून महाल बांधला, बेचाळीस खिडक्यांचा, आणि ही मंडळी म्हणतात काय, तर "हे तुम्ही बांधलेलंच नाही, चोरटं सॉफ्टवेअर लावलंय, माणसाच्या हातून इतकी सरळ भिंत येतच नाही!" येत नाही? अरे, तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेय मी! चौथी शिकले, पण माझी शिवण सुताभर तिरकी गेलेली दाखवा, मशीन विकून टाकते! हातानं केलंय, बाबांनो, हातानं!

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे खेळ कशाला? का? तुम्ही पत्ते कुटता तेव्हा मी विचारते? लेक लग्न होऊन गेली, तिचा कॉम्प्युटर राहिला, दुपारी गिऱ्हाईक नसतं, बसले! आमचं घर दोन खोल्यांचं. पुढे माझं दुकान, मागे संसार, मध्ये प्लायवूडची भिंत, आणि दोन्ही खोल्यांत मिळून खिडकी किती? एक. तीही उघडली की समोर दुसऱ्याची भिंत! म्हणून बेचाळीस बांधल्या. पोटभर!

तर त्या खेळात आमची वसाहत आहे, साठ जणांची. दिवसभर नुसत्या गप्पा आणि एकमेकांच्या टोप्या उडवणं. मी 'सुईवाली'. म्होरक्या 'मुंगळा', आवाजावरून मिसरूड फुटलेलं वाटत नाही, पण रुबाब कलेक्टरचा. आणि माझ्या महालाला लागून ज्याचं घर, तो 'सरळमार्गी'. नाव सरळमार्गी, आणि भिंत? अहो, भिंत अशी, की उंदीर चढला तर त्याला चक्कर यावी! मी आपलं गमतीनं लिहिलं, "या माणसाला पायजमा शिवायला दिला तर एक पाय घोट्यावर आणि दुसरा गुडघ्यावर येईल." सगळी वसाहत खदाखदा हसली. आणि दुसऱ्या दिवशी तक्रार! कोणाची? सरळमार्गीची! महाल खोटा, पाडून टाका!

मी धावत आत गेले. आमचे हे पलंगावर, मोबाइलवर बातम्या बघत. सदानकदा बातम्या! म्हटलं, "अहो, माझा महाल पाडणार आहेत!" डोकं वर नाही, काही नाही… "असेल त्यांचा काहीतरी नियम." नियम! घरच्यांचाही विश्वास नाही! हातानं केलंय हो, हातानं!

मुंगळ्यानं परीक्षा ठेवली. रविवारी पाच वाजता, सगळ्यांसमोर. माझ्या हातांवर कॅमेरा, शंभर विटांची भिंत, नापास झाले तर बेचाळीस खिडक्या जमीनदोस्त. तक्रार करणाऱ्यानंही माइक चालू ठेवायचा. बरं! मी आत कुकर चढवला, बाहेर येऊन बसले, चाळीस नंबरचा पांढरा दोरा घेतला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आडवा ताणला आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली.

मुंगळा किंचाळला, "काकू, हे कुठलं सॉफ्टवेअर?"

"दोरा म्हणतात याला! पाठवू का रीळ?"

आणि लागले की हो कामाला… दोऱ्याखाली वीट, विटेला वीट, पन्नास झाल्या, सत्तर झाल्या. सरळमार्गीच्या माइकमधून हूं की चूं नाही, नुसतं लिहितोय मेला, "हात दुसऱ्या कुणाचे असतील." दुसऱ्याचे? मी कॅमेऱ्यात बोट खुपसलं, "ही बघ, सुई आरपार गेल्याची खूण! दुसऱ्याचे म्हणे! हातानं केलंय, हातानं!"

नव्वदावी वीट ठेवली आणि आत कुकरची शिट्टी झाली. आणि सरळमार्गीच्या माइकमधूनही झाली. म्हटलं, असेल, जगात कुकर काय एकच आहे? दुसरी शिट्टी… दोन्हीकडे! तिसरी… दोन्हीकडे, एकदम! सवयीनं तोंडातून गेलंच माझ्या, "अहो, तीन झाल्या, गॅस बंद करा!"

आणि प्लायवूडच्या पलीकडून आणि सरळमार्गीच्या माइकमधून, एका दमात, "करतो गं, ओरडू नकोस!"

साठ जणांनी ऐकलं. साठ! आणि असा हशा की माझा स्पीकर फाटायची वेळ आली. पण मी? तुम्हाला सांगते, उठले नाही. आधी उरलेल्या दहा विटा ठेवल्या. दोऱ्यात! मग मान वर केली.

मुंगळा हसून हसून बेजार. "काकू, महाल तुमचाच! पण खोट्या तक्रारीसाठी वसाहतीच्या फळ्यावर दोषीचं नाव लावावं लागतं. 'सरळमार्गी' लिहू?"

आत गॅस बंद झाला होता. दारात पावलं आली, थांबली. खाली पाहिलं, तर मीच शिवलेला पायजमा. दोन्ही पाय एका रेषेत.

काय करता? म्हटलं, "सरळमार्गी कशाला लिहितोस, बाबा? खरं काय ते लिही… आमचे हे."