जिताड्याला ओवा

रविवार, सहा मार्च दोन हजार पाच, हौगांग, सकाळपासून उकाडा, आभाळ भरलेलं पण पानसुद्धा हलत नाही... मी रोज लिहून ठेवतो म्हणून सांगतो हो... आणि माझं पोट हे असं नगाऱ्यासारखं फुगलेलं, आणि आमची सुमेधा फोनवर विचारतेय, 'आतडं कसंय? सूज उतरली का?' मी म्हटलं, वा! बायको माझ्यासाठी डॉक्टरशी बोलतेय! कसलं काय... ती माशाच्या आतड्याची चौकशी करत होती. माशाच्या!

तुम्हाला सांगतो, सुमेधा इथे परदेशात मत्स्यशेतीवर संशोधन करते. आपल्या कोकणात ज्याला जिताडा म्हणतात ना, तोच मासा हे लोक टाक्यांमध्ये वाढवतात. आता त्याला खायला रोज मासेच घालायचे तर समुद्र रिकामा होईल, म्हणून घाला सोयाबीन! आणि सोयाबीनने त्याची आतडी सुजतात. मी आपलं सहज विचारलं, माशाला ढेकर येतो का? तर म्हणे, 'अहो, तुम्ही जेवा.' हे काय उत्तर झालं?

पण मी गप्प बसणारा नाही. मी आपलं सहज विचारलं, अगं, माझं पोट फुगलं की तू ओवा देतेस, मग त्याला का नाही? ती खो खो हसली, आणि सोमवारी जाऊन तेच तिच्या साहेबांना, डॉक्टर तानना, सांगून मोकळी! तान म्हणाले, 'कॅन, कॅन! ट्राय लाह!' म्हणजे, होईल की, करून बघ! झालं! दोन टाक्या मांडल्या. लाल टाकीला सोयाबीनमध्ये ओवा, निळ्या टाकीला नुसतं सोयाबीन. सहा आठवड्यांनी दोन्हीकडचे थोडे मासे कापून आतडी बघायची. फरक दिसला तर सुमेधाची नोकरी दोन वर्षं पुढे, नाही दिसला तर जुलैत सामान बांधा आणि चला पुण्याला. म्हणजे बघा, आमचा अख्खा संसार माशाच्या पोटात!

त्यात लॅबचं दळायचं यंत्र बिघडलं. म्हणून माशांचं खाद्य कुठे? आमच्या मिक्सरवर! ओट्यावर दोन डबे, एक लाल झाकणाचा, एक निळ्या झाकणाचा. आणि नेमकी त्याच आठवड्यात जालन्याहून आमची आई आली, शांताबाई. आली तशी स्वयंपाकघरात शिरली, दोन्ही झाकणं उघडून वास घेतला.

'काय रं निशिकांत, ह्याच्यात ओवा हाय, त्याच्यात न्हाई. इसरली का सूनबाई?'

'विसरली नाही गं. एकाला द्यायचा, एकाला नाही, म्हणजे फरक कळतो.'

'आन् त्येचं पोट दुखलं तर?'

'दुखू द्यायचं.'

आईने निळं झाकण आपटून लावलं. 'सोयाबीन खाऊन आपली म्हस फुगली व्हती, तवा तू रातभर रडला व्हतास. आन् आता म्हन्तोस दुखू द्यायचं?'

आता शास्त्र हे असंच असतं, हे तिला कोण सांगणार? मी पेपर उघडला.

एप्रिल संपता संपता एक दिवस सुमेधा घरी आली, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. 'दोन्ही टाक्या ठणठणीत! काडीचा फरक नाही! निळ्या टाकीला बरं वाटायचं कारणच काय?' रडायच्या बेतात हो बिचारी! मी आपलं सहज विचारलं, आई, लिटिल इंडियातून एवढी मोठी ओव्याची पिशवी आणली होती, ती संपली कशी?

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'निळ्या डब्यात बी घालत व्हते की. एका पंगतीत एकाला वाढायचं आन् एकाला न्हाई?'

'अहो आई, तो प्रयोग होता!'

'तुझ्या आजेसासऱ्याला पाटलाच्या लग्नात गोठ्यापाशी बसवलं व्हतं, बाई. तिकडं बुंदी, इकडं कोरडा भात. त्यो बी प्रयोगच आसंल.'

...मी काहीच विचारलं नाही. पहिल्यांदाच.

मग सुमेधाने फोन उचलला आणि तानना सगळं खरं सांगून टाकलं. पलीकडून एवढा मोठा आवाज, मला सोफ्यावर ऐकू आला, 'आय्या! मदर-इन-लॉ फीड माय कंट्रोल टँक?' कंट्रोल म्हणजे ती निळी टाकी. मी म्हटलं, बांधा सामान! पण मग ते म्हणाले, 'वन्स मोअर. लास्ट टाइम. फीड स्टे इन लॅब, ओके?'

लॅबचं यंत्र दुरुस्त झालं, डबे घरातून गेले. आई दारापर्यंत गेली, डब्यांच्या मागे. 'सूनबाई, झाल्यावर तरी निळ्याला दे गं.' सुमेधा म्हणाली, 'देईन, आई.'

शुक्रवार, सतरा जून, दिवसभर कोरडं, संध्याकाळी थोडा वारा. प्रत्येक टाकीतले दहा मासे तपासले. निळ्या टाकीतल्या आठांची आतडी सुजलेली, लाल टाकीतल्या फक्त एकाची. सुमेधाला दोन वर्षं मिळाली. निळ्या टाकीत उरलेल्या माशांना तिने त्याच संध्याकाळी ओवा सुरू केला, घरात पुन्हा आणलेला होता तेवढा सगळा नेऊन. आनंदाप्रीत्यर्थ रात्री घरी छोले झाले, आणि ते मला बाधले, पोट पुन्हा नगारा. मी आपलं सहज विचारलं, ओवा आहे का?

नव्हता.