मुक्या गाडीचे मिस्त्री

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय दत्तरावजी, व्यासपीठावरचे सर्व संचालक, सत्कारमूर्ती दिनकरराव मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कमलकाकू, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या आपल्या जिनिंगमधल्या बंधू-भगिनींनो,

बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी चिठ्ठी पाठवून ते घालून घेतलं. चिठ्ठी वर देताना लिंबाजी मुकादमांनी विचारलंच, "पंडित, आज तरी भांडणार न्हाईस ना?" नाही भांडणार, मुकादम. मिस्त्रींच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईनं एक ओळ लिहिलेली आहे: 'निष्काळजीपणामुळे गाडीच्या बॅटऱ्या निकामी झाल्या.' मिस्त्री उद्या ते पुस्तक बंद करून घरी जातील. त्याआधी त्या एका ओळीबद्दल मला बोलायचं आहे.

पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्या आवारात कापसाचे ढीग असतात. ट्रॅक्टरच्या धुराड्यातून एक ठिणगी उडाली तर सगळ्या हंगामाची राख. म्हणून गठाणी वाहायला मंडळानं विजेवर चालणारी गाडी आणली. मागं फळ्यांचा हौदा, खाली चोवीस सेलच्या बॅटऱ्या. धूर नाही, आवाज नाही. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मुकी.

नामांतराच्या सालात आमचं कॉलेज बंद पडलं. उघडलं तेव्हा मी सरांशी भांडलो, बी.एस्सी. अर्धी टाकली आणि ताडकळसला, इथं मुकी चालवायला आलो. डोकं गरम, त्यात दोन वर्षांचं विज्ञान. पहिल्याच दिवशी मिस्त्रींना म्हणालो, "हिला इंजिन नाही, ऑइल नाही, प्लग नाही. मग मिस्त्री कशाला लागतो?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "डिझेलची गाडी आजारी पडली का खोकती, धूर टाकती. ही मुकी हाय बाबा. भूक लागली तरी बोलत न्हाई. आपणच रोज इचारायचं."

आणि ते रोज विचारायचे. रबरी फुग्याच्या काचेच्या नळीत एकेका सेलमधलं पाणी ओढून आतली तरंगती काडी कुठवर येते ते बघायचे आणि वहीत मांडायचे. चोवीस सेल, चोवीस आकडे. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली की सोड्याच्या पाण्यानं धुऊन व्हॅसलीन. चार्जिंग चालू असताना खोलीची दारं सताड उघडी, आणि बिडी ओढणारा बाहेर, मग तो संचालक का असेना. (माफ करा, साहेब.) टायरात हवा कमी असली की म्हणायचे, "नरम टायर बॅटरी खातंय." महिन्यातून एकदा मोटर उघडून कार्बनचे ब्रश किती झिजले ते बघायचे. आणि चार्जिंग भरत आलं की डोळे मिटून बुडबुड्यांचा आवाज ऐकायचे. "शिजायलीय. अजून घटकाभर." जणू चुलीवर डाळच आहे.

मला त्या गाडीचं वेड लागलं ते कार्तिकातल्या सकाळी. दोन्हीकडे पांढरे ढीग, हवेत तरंगणारा कापूस, आणि मधून मी चाललोय. चाकांखालची सरकी चिरडल्याचा तेवढा आवाज. गाडी जमिनीला टेकलीय की नाही, कळत नसे. मला दिसायचं, परभणीच्या स्टेशन रस्त्यावर सगळ्या गाड्या अशाच चालल्यात, धूर कुठंच नाही, आणि लांबून येणाऱ्या बैलगाडीची घुंगरं भर बाजारात ऐकू यायलीत. तुम्ही हसताय. हसा. त्या स्वप्नात माझ्या शेजारी कोणी तरी बसलेलं असायचं. भर सभेत कोणाच्या लेकीचं नाव घेऊ नये, म्हणून घेत नाही.

पण गोष्ट तिथंच आहे. खंडेनवमीला आपण सगळी हत्यारं पुजतो, यंत्रं पुजतो. पुढच्या वर्षी मुकीलाही झेंडूचा हार घातला. मिस्त्री त्या दिवशी डिस्टिल वॉटर आणायला परभणीला गेले होते. पूजेला गंगाखेडहून आणलेला गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, कलश आला, आणि तो त्या स्वप्नातल्या शेजारणीनंच माझ्या हातात दिला. पूजेसाठी दिला होता, बाकी तिचा काही संबंध नाही. मी काय केलं असेल? हळद-कुंकू वाहिलं, आणि मग सगळ्या सेलची झाकणं उघडून नरसाळ्यानं ते पाणी आत ओतलं. नदीच्या पाण्यातला क्षार बॅटरीतली शिशाची पाटी खातो, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण तिच्या हातचं पाणी मला नुसतं शिंपडायचं नव्हतं. ते गाडीत राहावं, माझ्यासोबत फिरावं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींना नरसाळ्यात झेंडूची पाकळी चिकटलेली दिसली.

"पाणी कुठलं?"

"गंगेचं."

"कुणी दिलं?"

सांगितलं. सांगताना आवाज कसा लागला असेल कोण जाणे, बाकीचं त्यांना न सांगता कळलं. सेल रिकामे केले, धुतले, ताजं ॲसिड भरलं, आठवडाभर ते जेवायलाही घरी गेले नाहीत. काकू डबा इथं आणायच्या. तरी मार्गशीर्षात मुकी दुपारीच थांबू लागली, आणि पौषात मंडळानं चौकशी लावली.

चौकशीच्या सकाळी मिस्त्री मला म्हणाले, "तू त्वांड उघडलं तर पाणी कुणी आणलं तेबी निघंल. पोरीचं माघात लगीन हाय. गप ऱ्हा." मग आत जाऊन म्हणाले, "देखरेख माझी होती." मी दाराशी उभा होतो. उठसूट बाह्या वर करणारा मी, त्या दिवशी गप्प राहिलो.

याला तीन वर्षं झाली. ती आपल्या घरी सुखात आहे, या तालुक्यात नाही. आता गप्प राहून मी कोणाला वाचवतोय? फक्त स्वतःला.

अध्यक्षसाहेब, मिस्त्रींच्या जागेवर मंडळानं माझं नाव घेतलंय. ते परत घ्यायचं असेल तर घ्या. ज्याला नेमाल त्याला चोवीस सेल मी स्वतः शिकवीन. माझी लेखी कबुली हारांच्या ताटाखाली ठेवलेली आहे, खाली सही आहे, तारीख आहे.

मिस्त्री, तुम्ही हातानं खाली बस म्हणताय. बसतो, पण बोलून झाल्यावर. आयुष्यात तुमचं एवढं एकच ऐकायचं राहू द्या.

सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. पाण्याची चूक मात्र पोटात घालू नका. ती आजच, हे हार सुकायच्या आत, माझ्या नावावर लिहा.