आधी वेलांटी

(अहेरी. तहसील कार्यालयासमोरचं नूतनबाईंचं टायपिंगचं दुकान. टेबलावर झाकण काढलेला जुना कॉम्प्युटर, बाजूला खोक्यातून नुकताच काढलेला नवा. समोर नूतनबाईंचा धाकटा भाऊ अश्विन, हातात पेचकस.)

अश्विन : पाह्य ताई, हे चार कॅपॅसिटर वरून फुगले. मदरबोर्ड आता कधीबी जाईन.

नूतन : फुगले तं फुगू दे. मीबी फुगली. काम तं करून राह्यली ना?

अश्विन : मस्करी नको करू.

नूतन : मी फोनवर काय सांगतलं होतं? रॅम टाक अन् धूळ झाड. तू घुग्घुसवरून अख्खी नवी मशीन काऊन बांधून आणली?

अश्विन : याची रॅम आता बाजारात भेटत नाई म्हणून. सोळा वर्साची झाली ही. अन् समज भेटली, टाकली, तरी सरकारी साईट याच्यावर उघडणार नाई.

नूतन : साईटवर अर्ज भराले बाजूच्या दुकानात प्रणित बसला हाये. माह्याकडे लोकं अर्ज टाईप कराले येतेत.

अश्विन : अन् मंग? तू टाईप करते, प्रिंट काढते, तो कागद घेऊन लोकं प्रणितकडे जातेत. प्रणित तेच पुन्हा पहिल्यापासून टाईप करते. तुह्या फॉन्टातलं उचलून साईटवर टाकलं का इंग्रजी अक्षराचा चिवडा होते. लोकं किती दिवस दोन जागी फिरतीन?

नूतन : बंद झालंच हाये फिरणं. काल दसरू आला होता, वनहक्काचा दावा घेऊन. त्याच्या बापाचा पहिला अर्ज मीच लिहिला होता. दोनदा लिहा लागते म्हटल्यावर कागद गुंडाळले अन् उठला. पावसाळ्यातल्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर आला होता तो. त्याचं काय चुकलं?

अश्विन : मंग तुले समजून राह्यलं ना? ह्याच जुन्या मशीनवर बसली तं दुकान सहा महिने टिकत नाई.

नूतन : माह्ये जुने अर्ज हायेत याच्यात. अकरा हजार.

अश्विन : हार्डडिस्क काढून नव्यात लावतो. सारे येतीन.

नूतन : प्रिंटर?

अश्विन : लावून पाह्यला. चालते.

नूतन : कीबोर्ड?

अश्विन : जुनाच राहू दे. अक्षरं घासून गेले, पण तुले कुठी दिसा लागतेत?

नूतन : इथी लाईट लय जाते.

अश्विन : जुन्यालेबी लाईटच लागते ना! ताई, काय वकिलासारखी तारखेवर तारीख मागून राह्यली? जिजाजीनं घेतला होता म्हणून सुटत नाई का?

नूतन : नाई गा. तुह्या जिजाजीनं फ्रिजबी घेतला होता. तो इकला मी, ते गेल्यावर दुसऱ्याच साली.

अश्विन : मंग बस इथी. नव्यावर एक ओळ लिही. मराठी चालू करून ठेवली हाये.

नूतन : आता नको. दुपारून पाहू.

अश्विन : बस म्हटलं ना. रोज पहिला शब्द कोणता लिहिते तू?

नूतन : विनंती. ‘विनंती अर्ज.’ ... हे घे. पाह्य.

अश्विन : हे काय झालं? वेलांटी एका ठिपक्याच्या गोलावर लटकली. पुढं भलतेच अक्षरं.

नूतन : झालं समाधान?

अश्विन : अगं, आधी ‘व’ दाब, मंग वेलांटी दे.

नूतन : हेच. अगदी हेच म्हटलं होतं त्या पोरीनं.

अश्विन : कोणत्या पोरीनं?

नूतन : मागच्या साली मी नव्या मराठी टायपिंगच्या ट्रेनिंगले गेली होती ना, तीन दिवसाच्या, तिथी शिकवाले होती ती. सदरहू ट्रेनिंगात तिनं मले सगळ्यायसमोर लिहाले बसवलं. एकोणतीस वर्सं झाले अश्विन, मी आधी वेलांटी दाबतो, मंग अक्षर. टाईपरायटरवर तसंच होतं, या जुन्यावरबी तसंच हाये. डोळा पाहातच नाई, बोट आपलं आपलं जाते. अन् तिथी सारे अक्षरं जागा सोडून गेलेले. वेलांटी तेवढी जुन्या जागी सापडली, तं तीबी आधी चालत नाई म्हणे. ती पोरगी म्हणाली, काकू, तुम्हाले बाराखडी येत नाई का? सारी खोली हासली.

अश्विन : मंग?

नूतन : मंग काय. दुसऱ्या दिवशी गेलीच नाई. पोटात दुखते म्हणून अर्ज देला. इथी येऊन, याच मशीनवर टाईप करून.

अश्विन : मले हे माहीतच नव्हतं. म्हणजे आधी वेलांटीचं. मी मोबाईलवर इंग्रजीत लिहितो, त्याचं मराठी होते.

नूतन : तेबी शिकवलं त्यायनं. ‘ळ’साठी काय दाबाचं अन् ‘ण’साठी काय, ते आठवता आठवता समोरचा माणूस झोपी जाईन. मी मिनिटाले चाळीस शब्दवाली बाई हाओ. बोटं टाकून देल्ले तं माह्यापाशी उरते काय?

अश्विन : थांब. याले माह्या मोबाईलचा नेट देतो. ... तू शिकली कुठी?

नूतन : चंद्रपूरले. लोखंडी मशीन होती. खोली हालाची वीस जणं टाईप कराले बसले का. समोर रेमिंग्टन लिहून राहे.

अश्विन : काय लिहून राहे?

नूतन : रेमिंग्टन. काऊन?

अश्विन : इकडं ये. कीबोर्डाच्या या यादीत पाह्य. खालून दुसरं नाव.

नूतन : चष्मा दे. ... हे इथी कसं आलं?

अश्विन : तुह्यासारखे बम जण असतीन. त्यायच्यासाठी जुन्या टाईपरायटरची मांडणी कोणीतरी ठेवली असन. आता लिही. आधी वेलांटी.

नूतन : वि... नं... ती.

अश्विन : आलं?

नूतन : बोलू नको. ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की.’ स्थगिती. मिळकत. निर्णय. ... आलं अश्विन. सारं आलं. अन् हे साईटवर जाते?

अश्विन : जसंच्या तसं जाते. प्रणितकडे जाणं बंद. ... तू रडून राह्यली का?

नूतन : हो. रडू दे जरासं.

अश्विन : जुना उचलू टेबलावरून?

नूतन : उचल. पण पहिले दसरूले फोन लाव. म्हण, नूतनबाईकडे एकाच बैठकीत होते, उद्या ये. त्याच्या गावात रेंज नसते, नाई लागला तं पुन्हा लाव.

अश्विन : लावतो. पण ताई, फोनवर मले हे सांगतलं असतं तं? मी सकाळपासून रॅम अन् मदरबोर्ड समजावून राह्यलो.

नूतन : सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, ताई, लय केलं, आता आराम कर.

अश्विन : ... म्हटलं असतं.

नूतन : म्हणून नाई सांगतलं.